पोरगीला कॉलेजला घालू का कामाला लावू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी बिड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत. पोरगी यंदा बारावी कॉमर्स चांगल्या मार्कानं पास झाली, बी.कॉम. करायचं म्हणते. दीर म्हणतात तीन वर्षं घालवून शेवटी दहा-बारा हजाराचीच नोकरी, त्यापेक्षा आत्ताच टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला लाव, लग्नाला पैसे साठतील. काय करावं कळंना. – एक आई, सोलापूर

उत्तर: ताई, दीर बोलतात ते अगदीच खोटं नाही. तीन वर्षं ती कमावणार नाही हाच कॉलेजचा मोठा खर्च, फी त्यामानाने कमी. आणि कमी शिकलेल्यांपेक्षा पदवीधरांत बेकारी जास्त हे सरकारी सर्व्हेतच दिसतं, पण त्याचं एक कारण असंय की गरिबाला घरी बसून चांगल्या नोकरीची वाट बघणं परवडतच नाही, मिळेल ते काम धरावं लागतं.

पण पुढचं बघा ना. हजार बिड्या वळून नेल्या की चेकर त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढतो, ते नुकसान तुमचंच, आणि वीस वर्षं वळणाऱ्या बाईला हजारीचा रेट तोच जो काल आलेल्या पोरीला. शिलाईतही पीसवरच पैसे, हात थकला की कमाई कमी. अकाउंट्सच्या कामात सुरुवात दहा-बारा हजारानेच होईल कदाचित, पण टॅली (कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर), जीएसटीचं काम हाताला बसलं की अनुभवाचे पैसे मिळतात, माझ्या मते सगळा फरक इथंच आहे.

घरातही फरक पडतो. शिकणाऱ्या मुलींची लग्नं उशिरा होतात, पहिलं बाळंतपण उशिरा, आणि स्वतःच्या पोरांचा अभ्यास त्या स्वतः घेतात. हां, शिकलेला जावई शोधताना हुंड्याची मागणी वाढते हेही आपल्याकडं होतं, आणि उद्या ती नोकरीसाठी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायचं म्हणाली तर तुमचा जीव खालीवर होईल, त्याची तयारी आत्तापासूनच ठेवा.

आता पैशाचं. अॅडमिशन घेताना अनुदानित तुकडी आहे का विनाअनुदानित हे आधी विचारा, फीत खूप फरक असतो. 2024-25 पासून मुलींना फी माफ झाली म्हणतात ती व्यावसायिक कोर्सची, साध्या बी.कॉम.ला ती धरून चालू नका. जातीच्या दाखल्यावर मिळणारी शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर बघा. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती असते, ती मात्र नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, त्याला तुमचं बिडी कार्ड लागतं, म्हणून कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते या आठवड्यातच बघून घ्या, पोरगीच्या नावाचं खातं आधारला जोडा. आणि कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का तेही विचारा, सकाळचं कॉलेज मिळालं तर दुपारी एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडे हाताखाली बसता येईल, म्हणजे घरात थोडे पैसेही येतील आणि दिरांनाही जरा धीर धरा म्हणता येईल.