पुराणातल्या आणि इतिहासातल्या स्त्रियांवर कोलाज करायचे आहेत. सुरुवात कशी करू? देवीच्या चित्राला कात्री लावली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो मला भर सभेत विचारला गेलाय, आणि विचारणारा माझा सख्खा मोठा भाऊ होता.

आमची कुलदेवता माहूरची रेणुका. गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. नदीवर गेलेल्या रेणुकेचं मन जलक्रीडा करणाऱ्या राजाला पाहून क्षणभर ढळलं. जमदग्नींनी मुलांना तिला मारायला सांगितलं, चौघांनी ऐकलं नाही, परशुरामानं ऐकलं. वडील प्रसन्न झाले, वर मिळाला, आई उठून बसली. घरोघरी गोष्ट इथं संपवतात. पण महाभारताच्या वनपर्वात परशुराम आईचा जीव मागतो आणि त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट मागतो: आपल्याला मारलं होतं हे तिला आठवू नये. लहानपणी मला हा वर फार प्रेमळ वाटायचा. चाळिशी उलटल्यावर तसा वाटेना. सगळ्या जगाला माहीत, मुलांना माहीत, नवऱ्याला माहीत, आणि जिची मान कापली तिलाच तेवढं माहीत नाही.

माझी आई प्राथमिक शाळेत शिकवायची. 1984 च्या स्नेहसंमेलनात शिक्षकांनी एक छोटं नाटक बसवलं, त्यात तिनं काम केलं. नाटकातल्या तिच्या नवऱ्याचं काम शाळेतल्याच एका गुरुजींकडे होतं. गावात दोन-चार तोंडं हलली. आमचे वडील, अण्णा, एवढंच म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद." राजीनामा दादानं लिहिला, आईची सही घेतली आणि सायकलवरून नेऊन दिला. दादा तेव्हा वीस वर्षांचा, मी अकरा. त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघालाच नाही. मोठी झाल्यावर मी आईला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय की बाई, मला नाही आठवत."

2018 च्या नवरात्रात आमच्या गावातल्या वाचनालयात बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. त्यासाठी मी रेणुकेचं कोलाज केलं. दोन फूट बाय तीन फूट. नदी केली चौरेघी वह्यांच्या पानांची, निळ्या-लाल रेघा आडव्या वाहत्या ठेवून. काठावर उभी असलेली बाई आईच्या शाळेतल्या ग्रुपफोटोतली, फोटो मोठा करून घेतला होता. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात पुढं जोडलेले, मानेच्या वर काही नाही. परशू मी दाखवला नाही, नुसती कापलेली कड ठेवली. मुख खाली, जमिनीतून वर आलेलं, शेंदरी, मोठ्या डोळ्यांचं. माहूरला देवीचा तांदळा आहे, म्हणजे पूर्ण मूर्ती नाहीच, मुखच आहे. ते मुख वर, स्वतःच्या धडाकडे बघतंय असं लावलं. तिला सगळं आठवतंय असं मला दाखवायचं होतं. आणि नदीच्या तळाशी आईच्या अक्षरातल्या जुन्या हजेरीपटाची पानं. तो हजेरीपट तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली सापडला होता. आठवत नाही म्हणणारी बाई हजेरीपट चौतीस वर्षं साड्यांखाली कशाला ठेवेल?

दादा आला, लांबून बघितलं, जवळ आला. अक्षर त्यानं ओळखलं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. पण बोलला ते वेगळंच. "देवीच्या मुखाला कात्री लावली तू? काढ ते आधी." तीस-चाळीस माणसं होती. वर म्हणाला, "आणि ही काय कला आहे? पोरं शाळेत चिकटवतात असलं."

तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून आत्ता बोलते. ज्या मुखाला मी कात्री लावली ते छापील कॅलेंडरचं होतं, देवघरातलं नव्हतं. वर्ष संपलं की तीच कॅलेंडरं लोक पिंपळाच्या पारावर ठेवून येतात आणि पावसात त्यांचा लगदा होतो. आणि चिकटवण्याचं म्हणाल तर दादाच्याच बैठकीत पणजीच्या वेळची दमयंतीची तसबीर आहे, रविवर्म्याच्या चित्राची छापील प्रत. 1894 मध्ये रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या देव्या, दमयंत्या, शकुंतला घराघरांत पोचल्या. बायकांनी त्या चित्रांवर जर लावली, टिकल्या लावल्या, खऱ्या कापडाची लुगडी नेसवली. आमच्या दमयंतीच्या पदरावर पणजीनं लावलेली जर अजून आहे. हे कोलाज नव्हे तर काय? तिला कुणी विचारलं नाही, चित्राला हात का लावलास म्हणून. ती शोभा वाढवत होती तोवर चाललं. मी हिशेब मांडला तेव्हा धर्म आठवला.

बर्लिनमध्ये 1920 च्या आसपास हाना हेख ही बाई वर्तमानपत्रांतली, मासिकांतली छायाचित्रं कापून बायकांची चित्रं करत होती. पोटासाठी ती एका मोठ्या प्रकाशन संस्थेत विणकाम-भरतकामाचे नमुने काढायची. तिच्या बरोबरच्या पुरुषांनीही तिला पुष्कळ काळ बरोबरीचं मानलं नाही. सांगायचं इतकंच की "हे काय, चिकटवाचिकटवी" हे ऐकणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

तर त्या दिवशी दादा उभा होता, आयोजक बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि आई खुर्चीतून उठून कोलाजापाशी गेली. चष्मा पुसला. हजेरीपटाच्या पानावर बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागली. मोठ्यानं, वर्गात घेतात तशी हजेरी. मध्येच म्हणाली, "हा रोज उशिरा यायचा, याच्या घरी म्हशी होत्या." अकरा नावं वाचली. दादा बाहेर जाऊन चपला घालत होता.

चित्र भिंतीवर राहिलं.

आता सुरुवात कशी करायची ते. बाईची नेहमीची तसबीर समोर घ्या आणि त्या चित्रानं तिच्या हातून काय काढून घेतलंय ते शोधा. अहिल्याबाई म्हटलं की पांढरं लुगडं आणि हातात पिंड. पण ती महेश्वरहून राज्य चालवत होती, तिच्या हुकुमांवर "श्री शंकर आज्ञेवरून" असं असायचं. मग तिच्याभोवती मोडी कागद येऊ देत, हिशेब येऊ देत. जनाबाई म्हटलं की जातं आणि दळू लागणारा विठ्ठल. पण "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी" हेही तिचंच आहे. त्या भरल्या बाजारात जनाबाई कुणी दाखवलीय? एवढं सोडून हल्ली जो उठतो तो सीतेला पंख लावतो, द्रौपदीच्या हातात तलवार देतो आणि मागं परदेशी मासिकातली गुलाबाची फुलं. मला ते अजिबात आवडत नाही. त्यात ना सीता असते ना द्रौपदी, फक्त करणाऱ्याची हौस असते.

कात्री फिरवू नका, कागद फिरवा, म्हणजे कड स्वच्छ येते. पांढरा गोंद पातळ आणि सगळीकडे सारखा लावा, वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा, नाहीतर पोटात हवा राहते. मैद्याची खळ करणार असाल तर बाइंडर घालतात तसा चिमूटभर मोरचूद घाला, कसर लागत नाही. तो विषारी असतो, स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका. खाली माउंट बोर्डच घ्या, ड्रॉइंग पेपर वाकतो.

पूजेतलं चित्र मात्र कापू नका, अगदी स्वतःच्या घरातलं असलं तरी. पुराणातल्या बाईबाबत तुम्हाला मोकळीक आहे, कारण तिच्या गोष्टी मुळातच दहा तऱ्हांनी सांगितल्या जातात. इतिहासातल्या बाईच्या तोंडी किंवा हाती जे नव्हतं ते देऊ नका. रविवर्मा 1906 मध्ये गेला, त्याची चित्रं वापरायला हरकत नाही. आजच्या चित्रकाराचं काम कापण्याआधी त्याला विचारा. घरच्यांपैकी कुणाचं अक्षर, कुणाचा फोटो वापरणार असाल तर त्यांनाही आधी विचारा. मी आईला विचारलं नव्हतं. दादा म्हणतो ते चुकीचं आहे यावर मी ठाम आहे, पण एवढं त्यानं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि अस्सल कागद कधीही चिकटवू नका. आधी झेरॉक्स काढा, तीही चांगल्या कागदावर. मी त्या भरात हजेरीपटाची खरी पानं कापली. जुना कागद, वर गोंद, समोर खिडकीचं ऊन. पानं आता तपकिरी पडलीत आणि आईनं वाचलेल्या अकरांपैकी चार नावं मला लागत नाहीत.