ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते, ते का?

प्रश्न : माझ्याकडे 2006 सालची लहान पेट्रोल गाडी आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक; चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही. आठवड्यातून एकदा जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून साखळीला जावे लागते. ताशी 70-80 किलोमीटर वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरते आणि वेग 30 च्या खाली आला की थरथर जाणवेनाशी होते. गेल्या दिवाळीत मेस्त्रींनी ‘डिस्क वाकल्या’ असे सांगून दोन्ही डिस्क व पॅड बदलले. पाच-सहा महिने गाडी उत्तम चालली आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा तेच सुरू झाले. आता पुन्हा डिस्क बदला म्हणतात. बदलू का? – एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : एवढ्यात बदलू नका. नव्या डिस्क पाच-सहा महिने व्यवस्थित चालून मग थरथरू लागल्या, ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती आहे. डिस्क मुळातच सदोष असती, तर थरथर पहिल्या दिवसापासून आली असती. ती हळूहळू आली, याचा अर्थ डिस्क बसवताना राहून गेलेली एखादी चूक डिस्कला रोज थोडी थोडी झिजवत होती.

‘डिस्क वाकली’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण उष्णतेने डिस्क खरोखर वाकल्याची उदाहरणे थोडी असतात. बहुतेक वेळा घडते ते असे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती. ती हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, अगदी सपाट बसली नाही, तर फिरताना किंचित डुलते. ब्रेक दाबल्यावर डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कला जवळजवळ चिकटूनच असतात, त्यामुळे डुलणाऱ्या डिस्कचा एकच भाग प्रत्येक फेरीला पॅडला घासून जातो आणि काही हजार किलोमीटरनंतर तेवढीच जागा इतर भागापेक्षा पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पातळ जागा पॅडखाली आली की पकड कमी आणि जाड जागा आली की जास्त, असे प्रत्येक फेरीत होत राहते. तुमच्या गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे 1.7 मीटर धरला, तर ताशी 80 किलोमीटर वेगात चाक सेकंदाला तेरा फेऱ्या मारते, म्हणजे स्टिअरिंगला सेकंदाला किमान तेरा हिसके बसतात. वेग उतरतो तसे हिसके विरळ होतात आणि 30 च्या खाली ते हाताला जाणवतही नाहीत. जाडीतला फरक डोळ्यांना दिसण्याजोगा असावा लागतो असेही नाही, 0.02 मिलिमीटर फरकसुद्धा हाताला कळतो.

डिस्क डुलण्याचे आपल्याकडचे मुख्य कारण गंज हे आहे. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. अठरा-वीस वर्षांच्या गाडीच्या हबवर, विशेषतः बोल्टांच्या मुळाशी, गंजाचे पापुद्रे धरलेले असतात. जुनी डिस्क काढून नवी तशीच वर चढवली, तर साध्या कागदाच्या जाडीचा, म्हणजे 0.1 मिलिमीटरचा पापुद्राही तिला तिरकी करतो. आणि डिस्क हबपेक्षा मोठी असल्यामुळे पॅड घासतात त्या ठिकाणी हा तिरकेपणा दीडपटीहून अधिक होतो. पुष्कळ लहान गाड्यांना या डुलण्याची मर्यादा 0.1 मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते, म्हणजे एका पापुद्र्यातच ती ओलांडली जाते. तुमच्या डिस्क बदलल्या तेव्हा हब साफ केला होता का, एवढा एकच प्रश्न मेस्त्रींना आधी विचारा.

त्यानंतर मोजमाप. यासाठी डायल गेज, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग काट्यावर दाखवणारे मापक, लागते. गॅरेजमध्ये ते नसेल, तर बेळगावात उद्यमबागेतल्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये मिळेल. तिथले लोक दिवसभर याहून बारीक मोजमापे घेत असतात. चाक काढल्यावर डिस्क चाकाच्या नटांनीच, खाली वॉशर घालून, हबवर घट्ट आवळावी. गेजचा स्टँड सस्पेन्शनच्या न हलणाऱ्या भागावर लावून गेजचे टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण 10 मिलिमीटर आत टेकवावा आणि डिस्क हाताने सावकाश पूर्ण फिरवावी. काटा जिथे सर्वाधिक पुढे जातो, तिथे डिस्कवर आणि समोर हबवर खडूने खूण करावी. मग डिस्क काढून एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा बसवावी व पुन्हा मोजावे. उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कमध्ये. ती हबवरच्या खुणेपाशीच राहिली तर दोष हबमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. अर्ध्या तासाचे हे काम आहे आणि ते न करता डिस्क विकत घेणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे.

हब तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत साफ करावा. बोल्टांच्या मुळाशी ब्रश पोहोचत नाही आणि नेमका तिथेच गंज उरतो, म्हणून तेवढ्या जागेसाठी पॉलिश पेपरची पट्टी बोल्टाभोवती गुंडाळून फिरवावी. डिस्कची आतली बाजूही तशीच साफ करावी. नंतर मायक्रोमीटरने (बारीक जाडी मोजण्याच्या मापकाने) डिस्कची जाडी आठ ठिकाणी, कडेपासून सारख्याच अंतरावर मोजावी. फरक 0.02 पेक्षा जास्त असेल, तर डिस्क लेथवर दोन्ही बाजूंनी सारखी घासून घेता येते. मात्र डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते आणि घासल्यावर जाडी त्याच्या खाली जाणार असेल, तर ती डिस्क टाकून द्यावी. तुमच्या डिस्क नव्या असल्यामुळे बहुधा त्यात भरपूर जाडी शिल्लक असेल.

नट आवळण्याकडेही आग्रहाने लक्ष द्यावे. हवेच्या गनने एकेक नट एका दमात आवळला, तर डिस्कवर असमान ताण येतो. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जाऊन शेवटी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळावेत. पंक्चर काढतानाही हेच सांभाळावे.

आता दोन शक्यता तपासायच्या राहतात. पहिली, कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा भाग, अडकणे. थोडाच ब्रेक वापरून आठ-दहा किलोमीटर चालवल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्यावा, पण रिमला हात लावू नये. एक चाक स्पष्टपणे जास्त तापले असेल, तर त्या बाजूच्या कॅलिपरची पिन अडकलेली असण्याचा संभव आहे. ती साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. दुसरी शक्यता लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश व बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) यांची. ते सैल असतील, तर ब्रेक लागताना चाक मागे-पुढे सरकते आणि डिस्कमधला क्षुल्लक फरकही स्टिअरिंगवर मोठा होऊन येतो. इतक्या जुन्या गाडीत बुश तपासल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये.

दुरुस्तीनंतर नवे पॅड घातले असतील, तर ते डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 15 पर्यंत मध्यम ब्रेक मारून गाडी पूर्ण न थांबवता पुन्हा वेग घ्यावा. असे आठ-दहा वेळा, मधे डिस्क निवू देऊन करावे. चोर्ला उतरताना चढाला लागणारा गिअरच उतरायला ठेवावा. खाली पोहोचल्यावर चहाला थांबाल, तेव्हा थोडे अंतर संथ चालवून मगच थांबा आणि थांबल्यावर ब्रेक पेडल दाबून बसू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि त्यामुळेही थरथर सुरू होते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

थरथर असताना ब्रेक सहसा निकामी होत नाहीत. पण पेडल खोल जाऊ लागले, ब्रेक ऑइल उतरले किंवा लोखंड घासल्याचा आवाज आला, तर कृपा करून त्या दिवशी घाट उतरू नका.

प्रश्न : ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग स्थिर असते, पण सीट आणि पेडल हलतात. पुढची डिस्कच बिघडली असेल का? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : पुढच्या डिस्कचा दोष बहुतेक वेळा स्टिअरिंगमध्ये येतो. तुमचा संशय मागच्या ड्रमवर घ्या. कोरड्या, रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी 40 वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढा. तशीच थरथर आली, तर ड्रमचा गोलपणा गेलेला आहे. कारण जुन्या लहान गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. मागे कोणतेही वाहन नसल्याची खात्री केल्याशिवाय ही चाचणी करू नये.

प्रश्न : महामार्गावर ताशी 90 ला स्टिअरिंग हलते, ब्रेक दाबो वा न दाबो. तवंदी घाटात वेग कमी असतो तेव्हा काही नाही. – एक वाचक, निपाणी

उत्तर : ब्रेकला हात लावू नका. चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या आणि त्याच वेळी टायरला कुठे फुगवटा आला आहे का, रिम वाकली आहे का, हे चाक फिरवून पाहायला सांगा.