अँटिबायोटिकनंतर तोंडात बुरशी का येते?

प्रश्न : सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. गेल्या महिन्यात न्यूमोनियासाठी त्यांना अँटिबायोटिके द्यावी लागली. ताप उतरला, पण लगेचच जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूस पांढरे चट्टे उठले. ही कँडिडा नावाची बुरशी असल्याचे सांगून डॉक्टरांनी निस्टॅटिनचे थेंब दिले. औषधाने जीवाणू मेले, तर बुरशी का वाढावी? घरी रोज विरजलेले दही खाऊन हे टळेल काय?
— एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : कँडिडा आल्बिकान्स ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात आधीपासूनच असते, आणि अँटिबायोटिकांचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. जीवाणू नाहीसे झाले की रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत माजावे तशी ती पसरते, हे स्पष्टीकरण आपण ऐकले असेल. ते खरे आहे, पण अर्धेच. जीवाणू केवळ जागा अडवून बसत नाहीत. बुरशीशी लढणाऱ्या आपल्या प्रतिकार यंत्रणेला ते सतत सज्ज ठेवतात, आणि अँटिबायोटिकांमुळे ही सज्जताही ढिली पडते.

तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरात कँडिडाविरुद्धचा मुख्य आधार म्हणजे इंटरल्युकिन-17 हा संदेशवाहक रेणू होय. तो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो आणि अस्तराच्या पेशींना जंतुनाशक प्रथिने तयार करावयास लावतो. ज्यांच्यात जन्मतःच या रेणूच्या कार्यात दोष असतो त्यांना कँडिडाचा संसर्ग वारंवार होतो, आणि सोरायसिससाठी हा रेणू रोखणारी इंजेक्शने घेणाऱ्यांतही तो अधिक आढळतो. म्हणजे हा पुरावा माणसांतलाच आहे. जीवाणूंचा भाग मात्र मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून कळला आहे. इटलीतील पेरुजा येथील संशोधकांनी 2013 साली दाखविले की, लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू अन्नातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल-3-आल्डिहाइड हा पदार्थ तयार करतात. तो अस्तरातील प्रतिकारपेशींच्या आतील एका ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतो, त्यातून इंटरल्युकिन-22 हा आणखी एक संदेशवाहक रेणू स्रवतो आणि कँडिडाला आवर बसतो. पुढे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आधी अँटिबायोटिके दिलेल्या उंदरांच्या आतड्यात इंटरल्युकिन-17 कमी पडले आणि कँडिडा शरीरभर पसरत असताना आतड्यातील जीवाणूही बाहेर निसटले, असे दिसले. बुरशीच्या गंभीर संसर्गात रुग्णाला कधी कधी जीवाणूंचाही संसर्ग का जडतो, याचा एक धागा येथे सापडतो.

आता दह्याविषयी. दही अवश्य खावे, मधुमेहात बिनसाखरेचे. परंतु विरजणातील जीवाणू आतड्यात सहसा कायमचे वस्तीस राहत नाहीत, आणि उंदरांत जे एका विशिष्ट जीवाणूने घडले ते वाटीभर दह्याने घडेल असे मानण्यास आधार नाही. थेंबांचा क्रम मात्र चट्टे गेले म्हणून मध्येच सोडू नये. हे निस्टॅटिन मुळात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जीवाणूपासूनच मिळाले. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी ते 1950 साली जगापुढे आणले. सासूबाईंना कवळी असल्यास ती रात्री काढून स्वच्छ करावी, दम्याचा स्टेरॉइडयुक्त पंप असल्यास प्रत्येक वेळी चूळ भरावी, आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी, कारण वाढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल नीट काम करीत नाहीत. न्यूमोनियासाठी अँटिबायोटिके देणे आवश्यकच होते. त्याबद्दल मनात किंतु नसावा. साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याची आपल्याकडची सवय मला अधिक चिंतेची वाटते.

प्रश्न : 2021 साली इंदुरात काळ्या बुरशीचे इतके रुग्ण झाले, तेही अँटिबायोटिकांमुळेच काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : त्यामागची ठळक कारणे अनियंत्रित मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टेरॉइडे ही होत. मधुमेहात रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांना बांधलेले लोह मोकळे होते, आणि ते ऱ्हायझोपस या, काळ्या बुरशीचा आजार बहुधा घडविणाऱ्या, बुरशीला वाढीस उपयोगी पडते. अँटिबायोटिकांचा त्यात निश्चित वाटा होता, असे म्हणता येत नाही. एक बाब मात्र आपल्या विषयाला धरून आहे : ऱ्हायझोपसच्या काही वाणांच्या पेशींतच जीवाणू राहतात, आणि भक्षक पेशींना चुकविण्यास असा एक जीवाणू त्या बुरशीला मदत करतो, असे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे येथे जीवाणू शत्रूच्या बाजूचा आहे. मधुमेही व्यक्तीच्या, विशेषतः स्टेरॉइड चालू असताना, चेहऱ्याच्या एका बाजूस सूज किंवा बधिरपणा आला, नाकातून काळपट स्राव आला अथवा एकाची दोन दृश्ये दिसू लागली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.