वाचकांचे प्रश्न : संमतिपत्र आणि ‘एकट्या पालकाची जबाबदारी’

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एका रुग्णालयात दोन वर्षांपासून नोंदणीकृत परिचारिका आहे. तिचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला असून, ९ वर्षांची नात मिरजेला आमच्याजवळ राहून चौथीत शिकते. आता मुलीला तिला आपल्याजवळ न्यायचे आहे. न्यायालयाने ताबा आईकडे दिला आहे. वडिलांना महिन्यातून एकदा भेटण्याची मुभा आहे, पण ते वर्षातून दोनदाच येतात. वडिलांचे संमतिपत्र स्टॅम्पपेपरवर घेतले की काम झाले, असे व्हिसाचे एजंट म्हणतात. त्यांच्या मसुद्यात ‘मुलीच्या संगोपनाचे निर्णय आम्ही दोघे मिळून घेतो, तिला आईकडे पाठवण्यास माझी हरकत नाही’ असे वाक्य आहे. एवढे पुरेसे आहे का? शिवाय परिचारिकांना मुले नेण्यास आता बंदी असल्याचेही ऐकतो.
— एक आजोबा, मिरज

उत्तर : बंदीची शंका आधी दूर करतो. ११ मार्च २०२४ पासून नव्याने गेलेल्या काळजीवाहकांना, म्हणजे वृद्धाश्रमांत किंवा घरोघरी शुश्रूषेचे काम करणाऱ्यांना, कुटुंब नेता येत नाही. नोंदणीकृत परिचारिकेचे काम त्या वर्गात मोडत नाही. दोन्ही व्यवसायांना आपल्याकडे सरसकट ‘नर्स’ म्हणतात, त्यातून हा घोटाळा झालेला दिसतो.

आता मूळ प्रश्न. ब्रिटनच्या व्हिसा-नियमांनुसार तेथे नोकरीसाठी गेलेल्याच्या मुलाचे आई-वडील दोघेही तेथे असावेत किंवा दोघे तेथे जाणार असावेत. एकच पालक तेथे असेल, तर दुसरा हयात नाही, किंवा तेथल्या पालकावर मुलाच्या संगोपनाची एकट्याने जबाबदारी आहे, किंवा मुलाला तेथे येऊ देण्यासाठी गंभीर आणि अपरिहार्य कौटुंबिक कारणे आहेत, यांपैकी एक गोष्ट सिद्ध करावी लागते. तुमच्या मुलीचा अर्ज दुसऱ्या मुद्द्यावर उभा राहणार आहे; आणि एजंटांच्या मसुद्यातले ‘आम्ही दोघे मिळून’ हे तीन शब्द नेमका तोच मुद्दा मोडून काढतात. वडिलांनी भल्या मनाने सही केली, तरी तो कागद आईच्याच विरुद्ध पुरावा ठरेल.

एकट्याची जबाबदारी म्हणजे काय, याचा खुलासा येमेनमधील एका कुटुंबाच्या प्रकरणात ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने २००६ साली केला. मुलाच्या आयुष्यातले महत्त्वाचे निर्णय कोण घेते आणि त्याच्या संगोपनावर सतत नियंत्रण व दिशादर्शन कोणाचे आहे, ही खरी कसोटी. पैसे कोण पाठवते, एवढ्यावर ती ठरत नाही. रोज जेवू कोण घालते, यावरही नाही. त्यामुळे नात आजी-आजोबांजवळ राहते हे मुळीच अडचणीचे नाही, मात्र तुम्ही आईच्या सांगण्यावरून तिला सांभाळता, हे कागदांवरून दिसायला हवे. वडील वर्षातून दोनदा भेटतात, एवढ्यानेही आईचा दावा पडत नाही. निर्णयांत त्यांचा खरोखर वाटा असेल, तर मात्र तो टिकणे फार कठीण.

आपल्या कायद्याची धाटणी वेगळी आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्या नंतर आई असा क्रम आहे; त्यातल्या ‘नंतर’चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात वडिलांच्या ‘अनुपस्थितीत’ असा लावला, तेव्हा कुठे आईला थोडी मोकळीक मिळाली. तुमच्याकडचा ताब्याचा आदेश म्हणूनच महत्त्वाचा आहे, पण ब्रिटनचा व्हिसा अधिकारी तेवढ्यावर थांबत नाही. न्यायालयाने कोणाला अधिकार दिला, हे आदेशातून कळते. तो अधिकार प्रत्यक्षात कोण वापरते, हे तो इतर कागदांतून पाहतो.

हे कागद बहुधा घरातच पडलेले असतात. नातीची शाळेची डायरी काढून पाहा. ‘पालकांची सही’ या रकान्यात पानोपान आजीची सही असेल, यात शंका नाही, आणि त्यात काही गैरही नाही. मात्र सहलीला पाठवायचे की नाही, शिकवणी लावायची की नाही, दातांच्या डॉक्टरांकडे कधी न्यायचे, हे विचारणारे तुमचे संदेश आणि त्यांना आईने दिलेली उत्तरे तारखांसह छापून घ्या. सकाळी दहाची पालकसभा म्हणजे हिवाळ्यात तेथे पहाटेचे साडेचार. त्या वेळी उठून आईने व्हिडिओ कॉलवर हजेरी लावली असेल, तर वर्गशिक्षिकांकडून तसे पत्र घ्या. शाळेने पालक म्हणून आईशी केलेला पत्रव्यवहार, दवाखान्याच्या कागदांवरचे तिचे नाव, तिच्या खात्यातून भरलेली फी, हे सारे एकत्र जोडले की चित्र स्पष्ट होते. मराठी कागदांबरोबर इंग्रजी भाषांतर द्यावे लागते आणि ते अचूक असल्याचे सांगून भाषांतरकाराला त्यावर नाव, सही, तारीख आणि संपर्काचा तपशील लिहावा लागतो.

वडिलांचे पत्र घ्याच, कारण भेटीचा हक्क न्यायालयाने दिलेला आहे आणि तो डावलून मूल देशाबाहेर नेणे योग्य नाही. घटस्फोटाच्या वेळी न्यायालयात ठरलेल्या अटींत परदेशी नेण्याबाबत काही बंधन असेल, तर आधी त्याच न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. आदेशाची प्रत वकिलांना दाखवून खात्री करा. पत्रात मात्र जे खरे असेल तेच असावे : ताबा आईकडे आहे, शिक्षण व आरोग्याचे निर्णय तीच घेते, मी मुलीला अधूनमधून भेटतो आणि तिच्या जाण्यास माझी हरकत नाही. वडील प्रत्यक्षात निर्णयांत सहभागी असतील, तर ते लपवून असे पत्र करू नका. अर्जात फसवणूक आढळली तर १० वर्षांपर्यंत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तशी स्थिती असेल, तर वर सांगितलेल्या तिसऱ्या मुद्द्याचा, म्हणजे गंभीर आणि अपरिहार्य कौटुंबिक कारणांचा, विचार तेथील परवानाधारक सल्लागाराबरोबर करावा.

बाकीचे सोपे आहे. भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र लागते. ११ वर्षांखालील मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, पण प्रमाणपत्र चुकत नाही. मुलाच्या खर्चासाठी ३१५ पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात किंवा रुग्णालयाने तशी हमी द्यावी लागते. जन्मदाखल्यावर आईचे सासरचे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे, असे असेल, तर मधला दुवा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आणि घटस्फोटाचा हुकूमनामा जोडा.

प्रश्न : माझे पती लीड्समध्ये कुशल कामगार व्हिसावर अभियंता आहेत. मी आणि मुलगा एकत्र जाणार आहोत. तो एप्रिलमध्ये १८ वर्षांचा होईल. बारावीच्या परीक्षेनंतर, मे महिन्यात, निवांत अर्ज केला तर चालेल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : चालणार नाही. मुलगा १८ वर्षांखालील असावा लागतो; हे वय अर्जाच्या तारखेला मोजतात आणि ऑनलाइन अर्जात ती तारीख म्हणजे शुल्क भरल्याचा दिवस. निर्णय वाढदिवसानंतर आला तरी बिघडत नाही. शुल्क मात्र वाढदिवसाआधी भरलेले हवे. परीक्षेच्या धावपळीत बोटांचे ठसे देण्यासाठी एक दिवस काढावा लागेल, तो दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत काढा. पासपोर्टची मुदत आजच तपासा. वय १८ पूर्ण होण्याआधी काढलेले पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचे असतात आणि ऐन वेळी तेच संपलेले निघतात.