सह्याद्रीवर रिसर्च करायचाय ना, मग दोन थरांच्या मधे बघ

प्रिय मित्रा,

तुझा मेल नीट वाचला. सह्याद्रीवर पीएचडी करायचं ठरवलंयस याचा मनापासून आनंद झाला, पण टॉपिकच्या जागी तू नुसतं 'सह्याद्रीचं भूशास्त्र आणि पर्यावरण' एवढंच लिहिलंयस, त्याला एक आयुष्य पुरायचं नाही. तर मला जे महत्त्वाचं वाटतं ते सांगते, पटलं तर घे.

सगळे लाव्हाचे थर बघतात, तू दोन थरांच्या मधली जागा बघ. कुठल्याही घाटात गाडी थांबवली की काळ्या कातळाच्या दोन थरांमधे विटकरी पट्टा दिसतो, कुठे वीतभर, कुठे चांगला पुरुषभर. पेपरमधे त्याला रेड बोल म्हणतात, विहीर खणणारी माणसं गेरू म्हणतात. एक लाव्हा येऊन थंड झाला, पुढचा यायला वेळ लागला, तेवढ्यात वरचा भाग कुजून त्याची माती व्हायला लागली, कुठे त्यावर ज्वालामुखीची राख पडली, आणि मग पुढच्या लाव्हाने ते सगळं झाकून भाजून टाकलं. उद्रेक थांबला होता याचा पुरावा तिथे आहे, थरात नाही.

याचा उपयोग किती मोठा आहे ते 2019 सालात बघ. डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे सह्याद्री ज्या लाव्हा थरांचा बनलाय त्यांच्या, वयावर 'सायन्स' मासिकात एकाच वेळी दोन पेपर आले. एका टीमने या मधल्या पट्ट्यांतून झिरकॉन या खनिजाचे बारीक कण काढून त्यातल्या युरेनियम आणि लेडच्या (शिशाच्या) प्रमाणावरून वय काढलं, कारण बेसाल्टमधे, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाच्या काळ्या कातळात, झिरकॉन जवळजवळ मिळतच नाही. दुसऱ्या टीमने लाव्हातलंच फेल्डस्पार हे खनिज घेऊन त्यात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढलं. दोघांनाही वय साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासच मिळालं, पण सगळ्यात मोठे उद्रेक डायनासोर संपायच्या आधी झाले की नंतर, यावर उत्तरं वेगळी आली. डोंगर तोच, घाट बऱ्याच अंशी तेच, मशिन्स जगातली उत्तमातली, तरी वाद मिटला नाही. मग आपल्यासाठी काय उरलंय असं तू विचारलंयस ना, तर हे उरलंय: कुठला पट्टा कुठल्या थराच्या वर आहे आणि तो बाजूच्या घाटात कुठे जातो, हे पायी फिरून पक्कं करणं. लॅबमधलं वय कितीही अचूक असू दे, सॅम्पल कुठल्या थराचं ते चुकलं की सगळंच चुकलं.

इथे एक गोष्ट नवीन मुलं हमखास विसरतात. थर आडवे दिसतात पण उत्तरेकडून दक्षिणेकडे अगदी थोडे कललेले आहेत. म्हणजे उत्तरेत वर दिसणारा जुना थर दक्षिणेला खाली जातो. त्यामुळे उत्तरेकडचं कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, पण तिथला खडक महाबळेश्वरच्या माथ्यापेक्षा जुना. उंचीवरून वय ठरवू नकोस. तिकडे उत्तरेला बोटाच्या पेराएवढे फेल्डस्पारचे स्फटिक असलेले थर भेटतात, ते डोळ्यांनी ओळखता येतात आणि खुणेला फार उपयोगी पडतात. दक्षिणेला पोलादपूर आणि आंबेनळी फॉर्मेशन (नाव दिलेले थरांचे गट) मात्र नुसत्या डोळ्यांनी वेगळे करणं अवघड, तिथे केमिस्ट्री लागतेच, आणि त्यासाठी ताजा खडक हवा. वरची तांबूस साल फोडून आतला निळसर काळा तुकडा मिळेपर्यंत हातोडा चालव, झिओलाइट (नंतर भोकांत साचलेली पांढरट खनिजं) भरलेली भोकं असलेला तुकडा घेऊ नकोस.

आता पर्यावरणाचं. तू ते वेगळं चॅप्टर केलंयस, मला ते पटत नाही, कारण पाणी पण याच मधल्या जागेत आहे. खाली अखंड काळा पाषाण, त्यात भेग नाही, वर मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा नाहीतर तडे गेलेला खडक, पावसाचं पाणी मांजऱ्यातून उतरतं, पाषाणावर अडतं आणि उतारावर जिथे ती रेघ उघडी पडते तिथे झरा. नकाशावर झरे मांड, बरेचसे एका उंचीवर ओळीने येतात आणि वाड्या पण त्यांच्याच आसपास. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तिथून जेमतेम 30 किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही, आणि एवढा पाऊस पडूनही घाटमाथ्यावरच्या कितीतरी वाड्यांत एप्रिल-मे मधे टँकरची वाट बघतात, हे मला आजही सहन होत नाही. कुठला झरा कुठल्या थरावर आहे आणि त्याचं पाणी डोंगराच्या कुठल्या अंगावर मुरतं एवढं कुणी नीट लिहून दिलं, तर तिथली झाडं वाचवता येतील, तिथे जेसीबी जाणार नाही.

दरडींचंही असंच. माळीण 30 जुलै 2014, तळीये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023. माळीणला दीडशेच्या वर माणसं गेली. घसरला तो कातळावर साचलेला माती-मुरमाचा जाड थर, पाणी पिऊन जड झालेला. आपल्याकडे दरडीनंतर सगळे पावसाचे आकडे बघतात, ते बघायलाच हवेत, पण मुरूम किती जाड आहे आणि कुठल्या कातळावर बसलाय हे वाडीवाडीला जाऊन मोजलेलं फार कमी आहे. तुला खरंच कुणाच्या उपयोगी पडायचं असेल तर इथे काम कर.

कासचा सडा, म्हणजे साताऱ्याजवळचं खडकाळ पठार, तू लिस्टमधे घेतलायस, छान आहे, पण तिथे आधीच बरीच मंडळी आहेत. बेसाल्टवर जांभ्याची टोपी आणि त्यावर चिमूटभर माती, म्हणून तिथे कीटक खाणाऱ्या वनस्पती, हे नातं समजून घे आणि सोड.

खडकाचं फील्ड नोव्हेंबर ते फेब्रुवारी, झऱ्यांचं मात्र पावसाळ्यात आणि परत मे महिन्यात, दोन्ही वेळा गेल्याशिवाय तो झरा कळत नाही. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याचं परमिशन आधी, पत्र हातात आल्याशिवाय जाऊ नकोस. रोडकटचे, म्हणजे रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतींचे, फोटो पट्टी लावून काढ आणि जीपीएससकट ठेव, कारण रस्ते रुंद होतायत, भिंतींवर जाळ्या आणि काँक्रीट येतंय, आज दिसणारा पट्टा दोन वर्षांनी दिसेलच असं नाही. आणि गावात विहीर खणलेला म्हातारा माणूस असेल तर त्याच्याशी बस, किती हातावर मुरूम संपला, कुठे गेरू लागला, पाणी कशात लागलं ते त्याला पाठ असतं. ते वहीत लिही, त्याचं नाव विचारून थीसिसमधे आभार मान.

आता एक घाट निवड, एकच. मला विचारशील तर वरंध, वर जुना रस्ता, खाली वाड्या, आणि दरडीही आहेत. पुढच्या मेलमधे टोपोशीट (उंच-सखल दाखवणारा सरकारी नकाशा) नंबर आणि वाड्यांची नावं टाक, कुठून चढायचं ते फोनवर बोलू.

तुझी,
मॅडम