मोक्ष, मुक्ती आणि ग्रहण सुटणं

प्रश्न असा आहे: ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ एकच का? आणि ‘सत्य कळलं की मोक्ष मिळतो’ यातलं सत्य म्हणजे खरं बोलणंच का?

दोन्ही शब्दांचा धातू एकच: मुच्, म्हणजे सोडणे. संस्कृतातलं ‘मुक्त’ प्राकृतात ‘मुक्क’ झालं आणि त्याच गोतातून आपला ‘मोकळा’ आला. धाय मोकलून रडतो, ते मोकलणंही तिथलंच.

वापरात मात्र वाटा वेगळ्या झाल्या. मुक्तीला ‘कशापासून?’ असं विचारता येतं. कर्जमुक्ती, व्यसनमुक्ती, १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिन. (एकटी असताना किंवा शब्दाच्या शेवटी ‘मुक्ती’ दीर्घ, समासात आधी आली की ‘मुक्ति’ ऱ्हस्व. फलकांवर हमखास चुकतं.) ‘गोवा मोक्षदिन’ कुणी म्हणणार नाही.

आता सत्य. अस् म्हणजे असणे. त्यापासून ‘सत्’, म्हणजे जे आहे ते, आणि त्यावरून ‘सत्य’. बोलण्यातला खरेपणा हा या शब्दाचा एक अर्थ झाला; वेदान्तात रोख असण्यावर आहे. तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्यात शंकराचार्य सांगतात की ज्या रूपानं एखादी गोष्ट निश्चित झाली, ते रूप जी कधी सोडत नाही, ती सत्य. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उदाहरण मातीचं आहे. घडा, परळ (मातीचं पसरट भांडं) ही नावं येतात-जातात, माती तेवढी खरी. ‘शाश्वत सत्य’ म्हणताना ‘शाश्वत’ खरं तर जास्तीचंच होतं.

इथे अद्वैतवाद्यांना, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणाऱ्यांना, ‘मिळतो’ हे क्रियापद खटकतं. जे नव्यानं तयार होतं ते कधीतरी नासतं. मग मोक्षही नासेल. म्हणून ते म्हणतात, मोक्ष मिळत नाही, आधीपासून असलेलं फक्त कळतं.

मला हे पंचांगात पटलं. ग्रहणाच्या वेळा काढून बघा: स्पर्श, मध्य, मोक्ष. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी ज्यासाठी, तो हा मोक्ष. ग्रहण सुटतं तेव्हा सूर्याला नवं काहीच मिळत नाही, तो गेलेलाच नसतो. (हा अर्थ तत्त्वज्ञानातून पंचांगात आला असं मात्र समजू नका. मुच् धातूचा साधा अर्थच तो.)

सगळ्या दर्शनांना, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांना, हे मान्य नाही. न्याय दर्शनवाले ‘अपवर्ग’ म्हणतात, म्हणजे दुःखातून कायमची सुटका. सांख्य-योगात ‘कैवल्य’, ‘केवल’ वरून: पुरुषाचं (म्हणजे चैतन्याचं) प्रकृतीपासून (जड सृष्टीपासून) निराळं, एकटं असणं. भक्तांकडे तर चार मुक्ती: सलोकता (देवाच्या लोकात राहणं), समीपता (त्याच्या जवळ), सरूपता (त्याच्यासारखं रूप), सायुज्यता (त्याच्याशी एक होणं). तिथे देवाच्या किती जवळ, हा प्रश्न. आणि तुकोबा ‘न लगे मुक्ति धन संपदा’ म्हणून ती चारींची यादीच परत करतात, वर खुशाल गर्भवासात घाला म्हणतात.