आर भाषेत प्रत्येक ओळीसाठी वेगवेगळ्या मर्यादेतला रँडम आकडा कसा काढायचा?

तुमच्याकडे ५०० गावांचा तक्ता आहे, गावापुढे घरांची संख्या आहे आणि प्रत्येक गावातून चिठ्ठी टाकल्यासारखं एक घर निवडायचंय. पण सगळ्या गावांपुढे एकच आकडा उमटतोय. बरोबर ना?

तुम्ही रनिफला (दिलेल्या मर्यादेतला रँडम अपूर्णांक काढणारं आरचं फंक्शन) पहिला आकडा १ दिलाय, म्हणजे 'एकच काढ' असं सांगितलंय. त्याने पहिल्या गावाची मर्यादा घेतली, एक आकडा काढला आणि आरने तोच खालपर्यंत चिकटवला. तिथे ओळींची संख्या द्या. किमान आणि कमालच्या जागी अख्खे रकानेच दिले तरी रनिफला चालतात, ओळीगणिक जोडी तो आपली आपण लावतो. एकेक ओळ फिरवणारा लूप लागतच नाही. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.)

घर = फ्लोअर( रनिफ( ओळींची संख्या, किमान, कमाल + १ ) )

फ्लोअर दशांशानंतरचा भाग टाकून देतो, म्हणून कमालमध्ये १ मिळवायला विसरलात तर शेवटचं घर कधीच निघणार नाही. आणि मिळवल्यामुळे मर्यादेबाहेरचा आकडा येईल ही भीतीही नको, कारण रनिफ वरचं टोक देत नाही.

फ्लोअरऐवजी राउंड (जवळचा पूर्णांक देणारं फंक्शन) वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो टाळाच. तीन घरांचा पाडा घ्या. १ ते ३ मधला अपूर्णांक काढून राउंड केला, तर १.५ च्या खालचं सगळं पहिल्या घराला, २.५ च्या वरचं तिसऱ्याला आणि मधला अख्खा पट्टा दुसऱ्याला जातो. म्हणजे २५, ५० आणि २५ टक्के. तीनशे घरांच्या गावात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण मर्यादा ओळीगणिक बदलत असतील तर चूकही ओळीगणिक बदलते, आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो लहान पाड्यांना.

सेट-सीड (प्रोग्रॅम पुन्हा चालवला तरी तेच रँडम आकडे यावेत म्हणून सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, ठरवणारं फंक्शन) एकदाच, सगळ्यात वर लिहा. लूपच्या आत १२३ हे सीड ठेवलं तर प्रत्येक वेळी ० ते १ मधला पहिला आकडा ०.२८७५ च निघतो. मग ४० घरांच्या गावात बारावं घर, १०० घरांच्या गावात एकोणतिसावं, २०० च्या गावात अठ्ठावन्नावं. आकडे वेगळे दिसतात म्हणून कुणाला शंका येत नाही, पण निवड प्रत्येक गावात यादीच्या त्याच ठिकाणी झालेली असते.

एका गावातून चार-पाच वेगवेगळी घरं हवी असतील तर मात्र रनिफ सोडा, कारण तेच घर दोनदा निघू शकतं. तिथे सॅम्पल, म्हणजे यादीतून चिठ्ठ्या काढणारं फंक्शन, लागतं, आणि सॅम्पलमध्ये असा एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय.

पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरांची यादी करून आम्ही गावोगाव एकेक घर काढत होतो. एका वाडीत असं घर एकच होतं, क्रमांक ३७. माझ्या प्रोग्रॅमने तिथे १२ नंबर काढून दिला. सर्वेक्षक ताई चिखल तुडवत तिथे पोचल्या आणि फोनवर म्हणाल्या, "सर, इथे म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत, मूल कुठून आणू?" झालं असं होतं, की सॅम्पलला एकच आकडा असलेली यादी दिली की तो तिला यादी समजत नाही, १ ते ३७ मधून निवड असा अर्थ काढतो. एररही नाही, वॉर्निंगही नाही. बाकीच्या वाड्यांत दोन किंवा जास्त घरं होती म्हणून तिथे सगळं सुरळीत चाललं होतं.

उपाय सोपा आहे. थेट घर न काढता यादीतली जागा काढायची. यादीची लांबी सॅम्पल-डॉट-इंटला (१ पासून त्या लांबीपर्यंतचा आकडा काढणारं फंक्शन) द्या आणि येईल त्या जागेवरचं घर चौकटी कंसाने उचला. लांबी १ असेल तर जागाही १ च येते आणि ३७ नंबरच मिळतो. सॅम्पलच्या मदत-पानावर उदाहरणांत रीसॅम्पल नावाचं एका ओळीचं फंक्शन हेच करतं. ते उचलून तुमच्या फाइलच्या वरच्या भागात चिकटवा, सेट-सीडच्या शेजारी.